अक्काचा टाका आणि आभाळ

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर सांडगे घालत होते. "काकू, आई गेली..." एवढंच म्हणाला. मी आधी आभाळाकडे बघितलं. असं का केलं, ते अजून कळत नाही.

अक्का माझी थोरली जाऊ. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावातून आम्ही दोघी एकाच दिवशी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला गेलो. लातूर नुकताच जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ. डॉक्टर एकच, खाटा शेजारी शेजारी. "टाक्याला पाणी लागू देऊ नका," नर्सबाईनं बजावलं, तर अक्का म्हणाली, "लागायला पाणी हाय कुठं, बाई?" हसता हसता दोघींचे टाके दुखले.

माझी जखम भरली, खूण पुसट झाली. तिची भरली ती भरतच राहिली... बोटाएवढी जाड, लालसर, चकचकीत. सासूबाई म्हणायच्या, वांगं खाल्लं असशील. अहो, जेवायचो तर दोघी एकाच ताटात! आभाळ दाटलं की तिथं खाज सुटायची. "टाका खाजायलाय गं," असं ती म्हणाली की आम्ही वाळवण काढायला पळायचो. पाऊस लांबला की भाऊजी विचारायचे, "काय म्हणतोय टाका?" कधी पाऊस यायचा, कधी नुसताच घाम. सगळं घर हसायचं, तीही हसायची.

गेल्या वर्षी हातावरच्या चट्ट्यासाठी तिला लातूरला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोटावरची खूणही दाबून पाहिली. काहींच्या कातडीला भरणं कुठं थांबवायचं ते कळत नाही, म्हणाले. असा व्रण वर्षानुवर्षं खाजतो, आग होते. "आजी, इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?"

"बोलले की," अक्का म्हणाली. "दर पावसाळ्याला बोलले."

रिक्षात मी विचारलं, "लई दुखायचं का गं?" तर म्हणे, "तुझे सांडगे तरी वाचले की!" ही थट्टा होती का राग? पुन्हा विचारायला धीर झाला नाही, आणि ती झोपेतच गेली. आता कुणाला विचारू?

काल दुपारी माझ्याच त्या पुसट खुणेपाशी खाज सुटली. घामोळं असेल... कुणास ठाऊक. ऊन कडक होतं, तरी मी पापड गोळा केले आणि जिना उतरताना तोंडातून निघून गेलं, "टाका खाजायलाय गं."

"म्हणजे पाऊस येणार, आई!" स्वयंपाकघरातून सून हसत ओरडली.

मीही हसले.