मिस्त्रींचा टेकू

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना सगळी गल्ली पाठीमागे गवंड्याचा ओळंबा म्हणायची. कुणाकडेही गेले की पाणी पिण्याआधी ते भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर सरळ करत. न्हाव्याच्या दुकानातला आरसा सरळ करताना त्यांनी खिळाच उपटला आणि वर न्हाव्यालाच ऐकवलं, की खिळा मुळात वाकडा होता. होताही. अशा माणसाचं कौतुक करता येतं, पण त्याला कुणी वरचेवर घरी बोलावत नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला लेथ, दुसऱ्या टोकाला खिडकी, आणि मधे मिस्त्री व त्यांची मुलगी एकमेकांचा धक्का न लागता वावरत. संध्याकाळी बंद करताना मिस्त्री दिसेल त्या वस्तूवरून तेलाचं फडकं फिरवत: नळ्या, लेथ, कुलूप, दाराच्या बिजागऱ्या. बायको सांगायची, एकदा मी बोलत उभी राहिले तर माझ्या चष्म्याची दांडीही पुसून दिली यांनी.

रायफलीला नवी नळी बसवली की मैदानावर नेऊन ती स्वतः तपासायची, हा त्यांचा नेम. सिमेंटचं टेबल, कोपराखाली गुंडाळलेलं पोतं, बस्स. ज्याचा हात स्थिर नाही त्यानं शेळ्या राखाव्यात, असं ते तरुणपणी म्हणत. आता चहा घेऊन ते येण्याआधी कपबशीचा आवाज यायचा. घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नसे.

मुलीला त्यांनी सगळं काम शिकवलं होतं, फक्त नळी बसवू दिली नव्हती. यंदा दातांच्या डॉक्टरांच्या रायफलीला ती तिनं बसवली. पंपाच्या कारखान्यातून तिला नोकरीचं बोलावणं आलेलं होतं. ही नळी बाबांनी पास केली तर दुकानात राहीन, नाहीतर जाईन, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं. आईनं ते अर्थातच मिस्त्रींना सांगितलं.

मिस्त्रींनी मैदानावर रायफल तपासली. निशाणाच्या कागदावर मूठभर वाटाणे भिरकावल्यासारखी भोकं पडली. ते म्हणाले, "नळी उतरव."

"उतरवते," मुलगी म्हणाली. "पण आधी एकदा हात बाजूला ठेवून बघू, बाबा. रायफल टेकूवर ठेवून."

यानंतर घरात बोलणं आईमार्फत सुरू झालं. तिला सांग, मीठ दे म्हणावं, असं मिस्त्री म्हणाले, तेव्हा ती तुमच्या पुढ्यातच बसलीय, एवढं आईनं लक्षात आणून दिलं. शेवटी आईच वैतागली.

"वजन करताना वाणी तराजू हातात धरतो का? खुंटीला टांगतो. त्यात त्याच्या मनगटाचा काय अपमान झाला?"

मिस्त्रींनी चहा मागितला. मग म्हणाले, ठीक आहे, पण टेकू मी निवडणार. हरलेला माणूस निदान निवडीचा हक्क तरी मागतोच.

खेळाच्या सामानाच्या दुकानात विक्रेत्यानं आधी एक लांबलचक सांगाडा दाखवला. पुढचा आणि मागचा आधार एकाच चौकटीत, रायफल त्यात बाजेवर झोपल्यासारखी झोपणार, आणि वर वजनं ठेवायला ताट. काका, यात आपण काहीच करायचं नाही, असं तो अभिमानानं म्हणाला. मग मी येऊ कशाला, असं मिस्त्रींनी विचारलं. पण खरी अडचण वेगळी होती. वजनांनी रायफल जखडली तर गोळी सुटताना तिला मागे सरकता येत नाही, सगळा धक्का लाकूड खातं आणि खांद्याला टेकणारा दस्ता तडकतो. हे बापलेकीच्या तोंडून एकदमच निघालं. बऱ्याच दिवसांनी दोघांचं एकमत झालं, त्यामुळे दोघंही जरा बिचकली.

दुसरा टेकू हलक्या ॲल्युमिनियमचा होता. मिस्त्रींनी त्याला बोटानं ढोसलं. तो डुलला. "हा माझ्यासारखाच आहे," ते म्हणाले आणि पुढे सरकले. हसावं की नाही हे मुलीला कळेना.

तिसरा ओतीव लोखंडाचा, तीन पायांचा. पायांना टोकदार स्क्रू, उंची कमीजास्त करायला चाक. विक्रेत्याला तो उचलताना कण्हावं लागलं, तेव्हाच मिस्त्रींचा निर्णय झाला. रायफलीच्या पुढच्या लाकडाच्या रुंदीचा कागद कापून त्यांनी खिशातून आणला होता. टेकूच्या वरची वाळूची पिशवी त्यावर मापून घेतली. रायफलीच्या मागच्या टोकाखाली दोन कानांची वेगळी पिशवी लागते, दस्ता त्या कानांच्या मधे बसतो. दुकानातली पिशवी प्लॅस्टिकच्या मण्यांनी भरलेली होती. दाबून पाहत, ही उशी आहे, झोप लागेल, असं म्हणून त्यांनी ती परत केली.

मग आईनं जाड कातड्याची पिशवी शिवली. मुलीनं वाळू चाळली, कढईत कोरडी केली, नरसाळ्यानं भरली आणि लाकडी दांडक्यानं ठोकून ठोकून घट्ट केली. पिशवी सांगितली होती, वीट झाली, असं आई म्हणाली.

मैदानावर वारा नव्हता. मिस्त्रींनी रायफल टेकूवर ठेवली आणि गोळ्या झाडल्या. भोकं आता विखुरलेली नव्हती. शर्टाच्या गुंड्यांसारखी वरून खाली एका रांगेत होती.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांना जिंकायचं नव्हतं, हे तेव्हा दिसलं. "खालीवर जाते," ते हळूच म्हणाले. "नळीतच दोष आहे गं."

मुलगी कागदाकडे बघतच नव्हती. तिनं रायफल हातानं मागे ओढली. ती अडली, मग हिसका देऊन आली. तिनं पिशवीवर बोट फिरवून वास घेतला.

"बाबा, पिशवीला तेल लावलंत?"

"लावलं की. कातडं आहे, वाळलं तर चिरतं." बाळाला वेळेवर दूध पाजल्याचं सांगावं, तसं ते सांगून गेले. मग त्यांनीही पिशवीवर बोट फिरवलं. गोळी सुटताना रायफल दर वेळी सारखीच मागे सरकली पाहिजे. चिकट कातड्यानं ती दर वेळी वेगळी अडवली, तर नळीचं तोंड कधी जास्त उचलणार, कधी कमी. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

तिनं पिशवी पेट्रोलनं पुसून वाळवली. मैदानाच्या पहारेकऱ्याकडे बुटात घालायची सुगंधी पावडर होती. ती कानांवर सढळ हातानं चोळली. मैदानाला लग्नघराचा वास सुटला.

मिस्त्री पुन्हा बसले. पहिली गोळी गेली, भोक दिसलं. दुसरीनंतर दुर्बिणीतून नवं भोक काही दिसेना. "ही कागदाबाहेर गेली," ते म्हणाले. तिसरीला पहिलंच भोक किंचित रुंद झालं. डावा हात टेबलावर आपला आपला थरथरत होता, आणि रायफलीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. शेवटच्या गोळीनंतर कागदावर नखाआड लपेल एवढंच एक भोक होतं.

"नळी राहू दे," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या भाषेत हे स्तोत्र होतं.

डॉक्टर रायफल न्यायला आले. कागद बघून म्हणाले, मिस्त्री, तुमचा हात अजून तसाच आहे हो.

"हात गेला, डॉक्टर," मिस्त्री म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते हे मोठ्यानं बोलत होते, आणि आवाज मात्र हवामान सांगितल्यासारखा होता. "नळी हिनं बसवली. रायफल त्या लोखंडानं धरली. मी फक्त चाप ओढला."

डॉक्टरांची दुसरी रायफलही जुनी झाली होती. तिचं कधी जमेल, असं त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

"मला काय विचारता? काम तिचं आहे. तिला वेळ असेल तर."

मुलीनं बापाकडे पाहिलं. ते टेकूचं चाक फिरवून उंची उगाच तपासत होते.

"आणून ठेवा, डॉक्टर," ती म्हणाली. "मी इथंच आहे."