टिंब

हे गेल्यानंतर आज पहिल्यांदा यांचं कपाट उघडलं, तर वरच स्लाइड रूल, यांची गणिताची सरकती पट्टी. ऑफिसात कॅल्क्युलेटर आले, कॉम्प्युटर आले, तरी घरी यांचे पुलांचे हिशेब हिच्यावरच. पट्टीवरच्या सरकत्या काचेची बारीक रेघ अजून शेवटच्या गणितावर उभी होती.

लेकीनं लॅपटॉपमधून मान वर केली. "आई, किती आलंय गं बाबांचं उत्तर?"

दोन आणि चार दिसत होते. पण कॉम्प्युटर दशांशाच्या टिंबासकट उत्तर देतो, पट्टी नुसते आकडे दाखवते. दोन पूर्णांक चार, चोवीस की दोनशे चाळीस, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. हे म्हणायचे, "आकडे पट्टीचे, टिंब माझ्या डोक्यातलं."

रेघ हलू नये म्हणून पट्टी अलगद रुमालात गुंडाळली.

"सांग ना, आई."

काय सांगू? टिंब यांच्याबरोबरच गेलं.