बैठकीतलं सामान

कुसुम, मी घर सोडलं त्या दिवशी तू रडली नाहीस. रोहण्याच्या फलाटावर माझ्या पेटीवर बसून होतीस, अकरा वर्षांची. पुलगावला जाणारी छोटी गाडी नेहमीसारखी उशिरा होती, आणि मायले तेवढाच वेळ मिळाला. तुरीची डाळ, लोणच्याची बरणी, नव्या कापसाची गादी आणि शेवटी पाण्याचा एक पितळी गडवा. मी चिडलो. पुण्याला शिकायला निघालो होतो, वरातीत नव्हे. तिनं गडवा पेटीत कोंबलाच, वर म्हणाली, "खोली कवाही रिकामी ठेवू नोको, बापा. रिकाम्या खोलीत मंग दुसरंच कोनी येऊन बसते."

मी हसलो. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं, मी एकोणीस वर्षांचा होतो आणि फार शहाणा होतो.

आपली बैठक तुला मी काय सांगू? दिवाण, बाबांची खुर्ची, भिंतभर कॅलेंडरं, तसबिरी, आणि दिवाळीनंतर तर आढ्यापर्यंत कापूस. पाहुणा आला की हातानं कापूस मागं सारून त्याला बसायला जागा करायची. मला त्या गर्दीची लाज वाटायची, हे आज कबूल करतो. पुण्यात मी घरांची आतली सजावट शिकलो, मग ऑफिसात लागलो. आमचे साहेब नकाशावर लाल पेन्सिल घेऊन बसत आणि एकेक वस्तू खोडत. सोफा नको, शोकेस नको, पडदा नको. त्याला ते 'मिनिमल' म्हणत. मला ते इतकं आपलंसं वाटलं, की ऑफिसातली मुलं थट्टा करायची, हा कापूसवाला हे कुठून शिकून आला? मलाही ठाऊक नव्हतं.

ऐंशीनंतर फ्लॅट घेतला. सुधाचा, तुझ्या वहिनीचा, लग्नातला सोफा विकला, शोकेस माळ्यावर टाकली, गडवाही तिथंच गेला. ती आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पांढऱ्या भिंती, काळी शहाबादी फरशी, भिंतीलगत एक चटई. एवढ्यावर दोन महिने घालवले. काहीतरी कमी पडत होतं. एका संध्याकाळी सुचलं, कोपऱ्यात अगदी फरशीलगत एकच दिवा. तो लावला आणि खोली पुरी झाली. साहेबांनी मासिकाचा फोटोग्राफर पाठवायचं ठरवलं.

माय किती वर्षं विचारत होती, "तुह्या घरी येऊन बसू कवा?" मी दर पत्रात लिहायचो, घर तयार झालं की बोलावतो. पोळा झाला होता, शेतात जरा उसंत होती. मी उत्साहात तार केली, ताबडतोब या. तारेत जास्त शब्द लिहायचे नसतात हे मला ठाऊक होतं. आपल्याकडे तार आली की त्याचा अर्थ काय होतो, तेवढं मात्र पुण्यात राहून विसरलो होतो.

मन चिंती ते वैरी न चिंती. माय-बाबा दोघं एक दिवस, एक रात्र त्या दोन शब्दांसोबत प्रवास करून आले. दुपारी बारा-साडेबाराला दार उघडलं तेव्हा मायच्या हातात काही नव्हतं. ना पिशवी, ना डबा. सुतकाच्या घरी काही नेत नाहीत, म्हणून तिनं आणलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, दमली असेल.

तिनं खोलीकडं पाहिलं. पांढरी भिंत, चटई, आणि मी हौसेनं भर दुपारी लावून ठेवलेला दिवा. ती उंबऱ्यातच खाली बसली.

"पोट्टी कुठी हाय, वसंता?"

म्हटलं, चिमी शाळेत गेली आहे, पाचला येईल.

"असंच सांगतलं होतं मले. मधू दवाखान्यात हाय म्हनून."

कुसुम, तुला मधू आठवणं शक्यच नाही, म्हणून सांगतो. माय तुझ्या वेळच्या बाळंतपणाला माहेरी होती, आणि इकडे आपला मधू तापानं तीन दिवसांत गेला. चार वर्षांचा होता. मायले निरोप गेला तो एवढाच, ताबडतोब ये. वाटेत तिला सांगितलं, दवाखान्यात ठेवला आहे. वीस दिवसांच्या तुला पदराखाली घेऊन ती दारात आली, आणि बैठक रिकामी होती. आपल्याकडे माणूस गेलं की बैठकीतलं सगळं सामान बाहेर काढतात, येणाऱ्यांना खाली बसायला. भिंतीलगत सतरंजी होती, आणि मधूला ठेवलं होतं त्या कोपऱ्यात दिवा. कोणालाच तोंडानं काही सांगावं लागलं नाही.

मी आठ वर्षांचा होतो, त्या सतरंजीवर बसलेला. मला आठवतं ते दुसरंच. आपली बैठक एवढी मोठी आहे हे मला पहिल्यांदाच दिसलं होतं. फरशीवर ऊन पडलं होतं आणि ते मला सुंदर वाटलं होतं. सांगायची लाज वाटते, पण वाटलं होतं.

पाच वाजेपर्यंत माय उंबऱ्यातून हलली नाही. सुधानं पुढं केलेल्या पाण्याला तिनं हात लावला नाही. मी शाळेत जाऊन चिमीला आणतो म्हटलं, तर माझा हात धरून ठेवला. चिमी दप्तर घेऊन आली तेव्हा मायनं तिचे पाय चाचपून पाहिले. बाबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "तार कायले केली रे? पत्र नव्हतं लिहिता येत? अति शहाणा त्याचा बैल रिकामा." आणि डोळे पुसले.

माय आठ दिवस राहिली, पण त्या खोलीत ती एकदाही टेकली नाही. स्वयंपाकघरात निजायची. निघताना म्हणाली, "हे मधूच्या दिवसाची बैठक हाय. दिवाबी तिथीच ठेवला तुनं. आता उद्या खरंच काही झालं, तं बाहीर काय काढसान?" आणि जिन्यावरून मागं वळून, "थो दिवा उचलजो."

मी हो म्हटलं. पण रविवारी फोटोग्राफर येणार होता. रविवार झाला, फोटो छापून आला, कौतुक झालं, दिवा राहिलाच. चिमी त्या कोपऱ्यात खेळेनाशी झाली. सुधा त्याच्याभोवतीची जागा सोडून झाडायची. मी रोज संध्याकाळी खटका दाबायचो आणि दाबताना मान वळवायचो. उद्या उचलू, म्हणत पौष आला.

तार आली तेव्हा मी त्याच खोलीत उभा होतो. माय सिरियस, ताबडतोब या. तीच अक्षरं, माझीच. मी वाचून दिव्याकडं पाहिलं, आणि सुधानं काही न विचारता बॅग काढली.

तू आमच्या आधी सासरहून, आंजीहून, घरी पोचली होतीस, तुला दिसलंच. ऐन हंगामात लोकांनी सगळा कापूस अंगणात उपसला होता, दिवाण बाहेर, खुर्ची बाहेर. काढता काढता माणसं घामाघूम झाली होती. आत काळी फरशी, सतरंजी, कोपऱ्यात दिवा, आणि दारातून पडलेलं ऊन. सगळे म्हणाले, वसंता दारातच थिजला. मायसाठी थिजलो होतो, खरंच. पण मी माझी खोलीही पाहत होतो.

मायचं दुखणं जुनं होतं, दिव्यानं कोणी मरत नाही, असं सुधा म्हणते. मलाही ते पटतं. पटूनही काही उपयोग होत नाही.

लोकांच्या खोल्या मी अजून रिकाम्या करून देतो, पोटासाठी. माझ्या बैठकीत मात्र आता पाय ठेवायला जागा नाही. दिवाण आहे, कॅलेंडरं आहेत, मायचा गडवा आहे, आणि बाबा दर वर्षी पाठवतात ते कापसाचं पोतं मध्येच बसलेलं असतं. घर म्हणजे काय, तर मला एवढंच कळलं. मी गेलो की चार माणसांना घाम गाळून बाहेर काढावं लागेल एवढं सामान जिथं आहे, ते घर.

तू कधीची यायचं म्हणते आहेस. ये. पण येशील तेव्हा हातात काहीतरी घेऊन ये, मूठभर तुरीच्या शेंगा का असेनात. दार उघडताच मला कळलं पाहिजे, की तिकडं सगळे आहेत.