पुलापर्यंत

समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते काठीवरचं एक बोट उचलून सलाम करायचे. ओळख असो नसो. स्टिअरिंगवरचं बोट उचलायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. आता ते नाहीत. या माणसाशी मी खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं तुम्ही नुसतं कौतुक म्हणून वाचाल.

आयर्लंडमधल्या डोनेगलमध्ये फॉइल नदीच्या काठाला त्यांचं आणि आमचं घर शेजारीशेजारी होतं. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. ते निवृत्त, ऐंशीच्या घरातले, एकटे. माझी मुलगी त्यांना 'नदीवाले आजोबा' म्हणायची. कारण कुणी नवीन भेटलं की ते दोन्ही तर्जन्या टेबलावर एकमेकींना टेकवायचे. "ही फिन, ही मोर्न. नखं जुळली की पुढे फॉइल. आणि बरोबर मधून सरहद्द!" अलीकडे आयर्लंड, ज्याला इथे 'दक्षिण' म्हणतात; पलीकडे ब्रिटिश अमलाखालचा उत्तर आयर्लंड. आमचा 'दक्षिणे'कडचा डोनेगल मात्र त्या 'उत्तरे'च्याही उत्तरेला पोचतो. पुढे नदी रुंदावून समुद्राला मिळते, तिथलं पाणी कुणाचं हे दोन्ही देशांचं अजून ठरलेलं नाही. हे सांगताना ते पोट धरून हसायचे.

त्यांच्या आईचं माहेर पलीकडचं. तेव्हा पुलावर कस्टमवाले असत. "बाबागाडीत वर मी, खाली चोरटं लोणी. भर थंडीत मी तुपाळलेला!" मग हिंसाचाराच्या वर्षांत कस्टमवाल्यांच्या जोडीला बंदूकवाले शिपाई आले. गाड्यांची रांग लागली की लोक पुलाशी उतरून चालत पलीकडे जायचे.

आता तिथे काहीच नाही. पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात, एवढंच. पण माझ्या भारतीय पासपोर्टला पलीकडे जायला वेगळा ब्रिटिश व्हिसा लागायचा. आयरिश नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी होता. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकच धोशा : "अर्ज मंजूर होईपर्यंत पलीकडे पाऊल टाकू नका रे!" आजोबा विचारायचे, "पलीकडे सामान स्वस्त मिळतं ना?" मी दर आठवड्याला जात असल्यासारखा म्हणायचो, "हो ना!" इतकी वर्षं इथे राहून, घर घेऊन, समोरचा पूल मला बंद आहे, हे सांगवेना.

एका रविवारी दुपारी त्यांनी दार वाजवलं. टोपी हातात.

"पुतणीचा फोन होता. भाऊ पलीकडच्या हॉस्पिटलात आहे. शेवटचं बघायचं तर आज ये, म्हणते. सोडतोस?"

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना गाडी चालवता येत नव्हती. पुतणीला आजाऱ्यापासून हलता येत नव्हतं. सगळी गल्ली सामन्याला गेली होती, टॅक्सीवालासुद्धा. आमच्या बाजूला रविवारी बस नसते.

मी म्हणालो, "गाडी सुरूच होत नाहीये हो."

"ग्रँड, ग्रँड," ते म्हणाले. इथे 'ठीक आहे'ला तसंच म्हणतात. "बघतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो. बसस्टॉपवर ते उभे, टोपी भिजलेली. त्यांनी माझी गाडी पाहिली. काठीवरचं बोट उचललं गेलं. माझं उचललं नाही.

ते पोचले तेव्हा भाऊ गेलेला होता.

त्यानंतरही ते बोट तसंच उचलत राहिले. मीच गाडी घराच्या मागे लावू लागलो. पुढे मला पासपोर्ट मिळाला. पेढे घेऊन सगळीकडे गेलो, त्यांच्याकडे रिकाम्या हातांनी.

"त्या दिवशी गाडी चालू होती," मी म्हणालो.

"सोमवारी पाहिली की."

"मला पलीकडे जायची परवानगी नव्हती. सांगायची लाज वाटली."

"पुलापर्यंत होती?"

"होती."

"मग पुलापर्यंत सोडायचं. पलीकडून रविवारीही बस होती. आम्ही जन्मभर तेच केलं ना!"

हे मला सुचलंच नव्हतं. खरं बोललो असतो, तर त्यांनाच सुचलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी काठी उचलून थांबवलं.

"मला काय सांगतोस? वाट तो बघत होता."

मी त्यांना गाडीत बसवलं. पूल केव्हा संपला कळलंही नाही. दफनभूमीत त्यांनी काठीने भावाच्या थडग्यावरचा दगड दाखवला आणि स्वतः नदीकडे तोंड करून उभे राहिले. मी सवयीने बूट काढले. ओल्या गवतात उभा राहिलो, आणि इंग्रजी सुचेना म्हणून मराठीतच म्हणालो, "दादा, माझ्यामुळे त्यांना उशीर झाला. मला माफ करा."