आठव्या घंटीनंतर

वाजून वाया गेलेल्या घंटीचं दुःख मनावर घेणारा माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच होता, आणि तो पूर्ण्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये माझ्या हाताखाली मेकॅनिक होता. एकटा जीव. बंद दुकानात फोन वाजत असला की रस्त्यातच थांबे आणि आत कोणी आजारी असल्यासारखा चेहरा करी. स्वतःच्या दाराला त्याने बसवलेली घंटी बटण दाबलं की आठदा वाजे, आणि तोवर कोणी दार उघडलं नाही तर शेजारच्या मावशींच्या घरात वाजू लागे. मावशी पिठाचे हात झटकत बाहेर येत. "ह्याचे पाव्हणे मीच संभाळायले," असं कुरकुरत, पण घंटी काही काढू देत नसत.

हे खूळ उगीच नव्हतं. पूर्वी एक्सचेंजमध्ये ऑपरेटर बाई हाताने फोन जोडत. डॉक्टर दवाखाना बंद करून जेवायला गेलेत हे त्यांना ठाऊक असे. त्या मुकाट्याने घरी जोडून देत. मग आपोआप नंबर लावणारं यंत्र आलं, आणि फोन बंद दवाखान्यात वाजत राहू लागला. त्याच्या वडिलांच्या शेवटच्या दिवशी तो असाच वाजला होता.

"मशीनला अक्कल न्हाई साहेब," तो म्हणायचा. "बाईंची अक्कल तिच्यात घालायलोय."

भंगारातले रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, जोडजोडून दोन वर्षांत त्याने ती घातली. आठ घंट्यांनंतर फोन आपणहून डॉक्टरांच्या घरी जाऊ लागला.

पेटंटचा अर्ज मी लिहिला, नकाशा त्याने काढला. लिफाफा तयार होता. पण मला सत्कारांची भारी हौस. अर्ज पाहुण्यांच्या हस्तेच पोस्टाच्या पेटीत पडावा, असं मी मनात घेतलं. पाहुणे मिळेनात, विद्यापीठाच्या नामांतरावरून कुठे ना कुठे बंद असायचा, गाड्यांचा भरवसा नव्हता. महिनाभर लिफाफा माझ्या खणात पडून राहिला. तेवढ्यात मी गावच्या साप्ताहिकात सगळी हकिकत नकाशासकट छापून आणली. मग शाल, नारळ, प्रात्यक्षिक आणि भाषण. भाषण माझंच, तेही लांबलेलं. अर्जाला वजन यावं म्हणून छापलेलं कात्रणही मीच आत घातलं, आणि लिफाफा एकदाचा पेटीत पडला.

काही महिन्यांनी उत्तर आलं. अर्जाआधीच शोध छापून जाहीर झाला आहे, सबब तो नवा मानता येत नाही. सोबत पुरावा म्हणून माझंच कात्रण.

"काय म्हणायलेत साहेब?" तो दारात उभा होता.

मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. "नकाशात चूक निघाली."

"कुठं?"

"ते लिहिलेलं नाही."

ती चूक शोधण्यात त्याची बारा वर्षं गेली. मी निवृत्त होऊन परभणीला आलो, तरी दर दिवाळीला नवा नकाशा गुंडाळून तो माझ्याकडे येई. "ह्या खेपेला सापडली वाटायलंय," म्हणे. मी चष्मा लावून बघितल्यासारखं करी. बरोबर आहे म्हटलं असतं, तर तो पुन्हा अर्ज करायला निघाला असता आणि खरं काय ते त्याला तिथे कळलं असतं. "अजून काहीतरी राहिलंय," मी सांगे. तो चहा पिऊन, मान हलवत परत जाई.

एका दिवाळीला तो आला नाही. तेव्हा कुठे मला धीर झाला. ते पत्र खिशात घालून मी पूर्ण्याला गेलो. त्याच्या दाराचं बटण दाबलं आणि आठ घंट्या मोजल्या. नववी शेजारी वाजली. मावशी बाहेर आल्या, आता कमरेत वाकलेल्या.

"तुमाला कळलं न्हाई का? आखाडातच गेला की तो."

मी ओट्यावर बसलो. त्यांनी पाणी आणून दिलं.

"काही काम होतं का त्याच्याकडं?"

"त्याच्या नकाशात चूक नव्हती," मी म्हणालो. "एवढंच सांगायचं होतं."

मावशींनी त्याच्या बंद दाराकडे पाहिलं.

"चूक कशाची असंल," त्या म्हणाल्या. "अजून वाजायलीय की."