साहेबांच्या नावाने एक्केचाळीस जॉब

आमच्या वहिनी अकरा वर्षं एका बस कंपनीत नोकरी करतात, पण कामासाठी बसच्या जवळ जायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नाही. ज्या सर्व्हरवर त्या काम करतात तेही त्यांनी पाहिलेले नाहीत. ते तीनशे किलोमीटरवर कुठल्याशा गार खोलीत असतात. वहिनी ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर झेरॉक्स मशीनकडे पाठ करून बसतात आणि तिथून त्या लांबच्या सर्व्हरला कामं लावून देतात. रोज अडीच वाजता उद्याच्या ड्यूट्यांचा तक्ता तयार कर, तीन वाजता तो बारा डेपोंना पाठव, रविवारी जुन्या फायली झाडून टाक. अशा कामाला ते लोक जॉब म्हणतात. एकदा लावला की जॉब ठरल्या वेळी आपला आपण चालतो, कुणाला बटण दाबावं लागत नाही. वहिनींचे असे एक्केचाळीस जॉब आहेत.

"म्हणजे सगळं मशीनच करतं. मग तुम्ही काय करता?" असं मी एकदा विचारलं होतं. मी त्यांचा धाकटा दीर, माझं चष्म्याचं दुकान आहे. "भाऊजी, तुम्ही चष्मा देता, पण बघायचं काम डोळेच करतात ना? मग तुम्ही काय करता?" असं म्हणून त्या पोळ्या लाटायला गेल्या. तेव्हापासून मी हा विषय काढत नाही.

घरातही त्यांचं तेच. दर गुरुवारी साडेपाचला दादाच्या फोनवर 'भाजी' असा निरोप येतो. दादा तो वाचतो, मान हलवतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. "तुमच्या दादावर जॉब लागतो," वहिनी म्हणतात, "पण चालत नाही."

या सगळ्यात गोम एकच होती. प्रत्येक जॉब कुणाच्या तरी लॉगिनखाली चालावा लागतो. वहिनींनी पहिला जॉब घाईघाईत स्वतःच्या लॉगिनखाली लावला आणि पुढचे चाळीस त्याच्या मागोमाग गेले. हाताखालच्या कुणाला जॉब लावायचा अधिकार नव्हता. आणि कंपनीचा नियम असा, की दोन दिवसांच्या वर रजा मंजूर झाली की त्या माणसाचं लॉगिन बंद. ही एका कंडक्टरची कृपा. त्याने रजेवर गेलेल्या कारकुनाच्या लॉगिनमधून शिरून स्वतःला महिनाभर सगळ्यात छोटा रूट लावून घेतला होता. म्हणजे वहिनी तीन दिवस गेल्या की जॉब ठप्प, तक्ता गायब आणि बारा डेपोंत ड्रायव्हर-कंडक्टर एकमेकांची तोंडं बघत उभे. सबब अकरा वर्षांत वहिनींनी सलग दोन दिवसांच्या वर रजा घेतलेली नव्हती.

यंदा माझ्या पुतणीला दिवस गेले. ती दुसऱ्या शहरात असते. आठव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर चढलं आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. तिने फोन केला, "आई, पंधरा दिवस तरी येशील ना गं?" वहिनी "येते" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या आस्थापना अधिकाऱ्याकडे गेल्या. ऑफिसात त्याला रकानाराव म्हणतात, कारण फॉर्ममध्ये ज्याला रकाना नाही ती गोष्ट जगात नाही असं त्याचं ठाम मत आहे.

"जॉबसाठी वेगळं लॉगिन हवंय," वहिनी म्हणाल्या. "माणसाचं नाही, नुसतं कामासाठी."

"माणूस नाही? मग फोटो कुणाचा लावू?"

"फोटो कशाला लागतोय?"

"रकाना आहे. जन्मतारखेचा आहे, रक्तगटाचा आहे."

"अहो, सर्व्हरला रक्त नसतं."

"मग तसं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा."

मग त्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं सगळं आपोआप चालतं ना? मग जा की खुशाल! अडलंय कुठे?" वहिनींनी अडलंय कुठे ते समजावून सांगितलं. निम्म्यावर साहेबांना फोन आला आणि ते बाहेर गेले ते त्या दिवशी परत आलेच नाहीत. साहेबांनी सतरा वर्षांत एकही रजा घेतलेली नाही, याचा त्यांना फार अभिमान आहे. ते रजा घेत नाहीत, नुसते येत नाहीत.

त्या संध्याकाळी जेवताना वहिनींचा घास हातातच राहिला. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "जॉब लावायचा अधिकार असलेलं आणखी एक लॉगिन आहे आमच्याकडे. आणि ते कधीच बंद होत नाही."

सकाळी त्यांनी रीतसर अर्ज लिहिला: 'यापुढे सर्व जॉब आपल्या नावाने चालवण्यास परवानगी असावी.' दुसऱ्या परिच्छेदात रजेची अडचणही स्पष्ट लिहिली. साहेबांनी 'आपल्या नावाने' इथवर वाचलं, खूश झाले आणि सही ठोकली. बाकीचं काम अर्ध्या तासाचं होतं. पहिल्या दिवशी तीन डेपोंना कोरा तक्ता गेला, कारण त्यांच्या याद्या वहिनींच्या फोल्डरमध्ये होत्या आणि तो साहेबांच्या लॉगिनला उघडत नव्हता. "कंपनीत सगळं यांच्या मुठीत, पण माझं फोल्डर नाही," म्हणत वहिनींनी याद्या हलवल्या, दोन दिवस तक्ता नीट जातोय ना ते पाहिलं आणि गाडी पकडली.

चौथ्या दिवशी नात झाली. दोघी सुखरूप. तेराव्या दिवशी मी दुकान बंद ठेवून बघायला गेलो. वहिनी नातीला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत होत्या. मी पोचतो न पोचतो तोच, अकराच्या सुमारास, साहेबांचा फोन आला. हात मोकळा नव्हता म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"बाई, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. सोमवारी. हॉस्पिटलला ऑफिसच्या रजेचा कागद हवाय, म्हणून तीन आठवड्यांची रजा टाकतोय. म्हटलं, सहज कळवावं."

"टाकू नका, साहेब. तुमची रजा मंजूर झाली की बस थांबतील."

"कुठली बस?"

"सगळ्या."

वहिनींनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं. या वेळी साहेबांना मध्येच दुसरा फोन आला नाही.

"हे मला आधी सांगायचं नाही का!"

"अर्जात लिहिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात."

"मग मी काय जन्मभर लंगडत फिरू?"

"जॉबना वेगळं लॉगिन दिलं की झालं," वहिनी म्हणाल्या आणि नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

दीड वाजता रकानारावांचा निरोप आला. नवं लॉगिन तयार होतं. फोटो: लागू नाही. जन्मतारीख: लागू नाही. रक्तगट: लागू नाही. मग साहेबांनी स्वतः वहिनींच्या टेबलाशी बसून, वहिनी फोनवर सांगतील तसं एकेका बोटाने टाइप करत, एक्केचाळीस जॉब त्या लॉगिनखाली नेले. तीनचा तक्ता वेळेवर गेला.

मला हसू आवरेना. "वहिनी, अकरा वर्षांत झालं नाही ते अडीच तासांत! साहेबांच्या गुडघ्याचे पाय धरायला हवेत."

त्याही हसल्या. मग त्यांनी रकानारावांचा निरोप पुन्हा उघडून वाचला. आत पुतणी झोपली होती, म्हणून त्या हळू बोलल्या.

"भाऊजी, माझी आई आजारी होती तेव्हाही मी याच माणसाकडे हेच मागायला गेले होते. नाही मिळालं. दोन दिवस आईजवळ राहिले आणि तक्त्यासाठी परत आले. ती पाचव्या दिवशी गेली."

मला त्या रकानारावाचा, साहेबांचा आणि इतकी वर्षं खिदळणाऱ्या माझा स्वतःचाही भयंकर राग आला. "तुम्ही कधी बोलला नाहीत," एवढंच मी म्हणालो.

"काय बोलायचं? मला वाटायचं, खरंच अवघड असेल."

त्यांनी नात माझ्याकडे दिली, मान कशी धरायची ते दाखवलं आणि फोनवर रजा एक महिना वाढवायचा अर्ज लिहायला घेतला. कारण विचारलं होतं, तिथे त्यांनी लिहिलं: मला इथे राहायचं आहे.