मागून मारलेली हाक

काकूच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती माझ्याकडे पिपरी मेघेला महिनाभर राहिली होती. तिसऱ्या आठवड्यातच तिचा जीव उबला. नाचणगावच्या भाजीच्या वाडीत उभा जन्म काढलेल्या बाईनं दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये करायचं तरी काय? माझ्या कुंडीतली तुळस तिनं दोनदा उकरून पुन्हा लावली. मी विकत आणलेल्या पालकाच्या जुडीला नावं ठेवली. शेवटी एका सकाळी म्हणाली, "डोया नवा करून देल्ला तुमी, पन पाहाले त काईच नाई इथं."

त्याच रविवारी वर्ध्यात एका कॉलेजच्या हॉलमध्ये दुपारी चार वाजता एक जुना रशियन चित्रपट दाखवणार होते. मला निमंत्रण होतं. निवृत्त शिक्षकांना अशी निमंत्रणं पुष्कळ येतात, कारण आम्ही वेळेवर येतो आणि शेवटपर्यंत बसतो. चित्रपट कशावर आहे ते मी वाचलंसुद्धा नाही. जगभर गाजलेला, प्रेमकथा, एवढं पत्रिकेत दिसलं आणि मी काकूला म्हटलं, चल, पिक्चर पाहू. मुलांनी धडा न वाचता उत्तर लिहिलं की मी किती बोलायची त्यांना!

काकूनं ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावला, कडक पातळ नेसली आणि आम्ही रिक्षानं गेलो. दिवे मालवले, पडद्यावर नदीकाठचा रस्ता आला, एक मुलगा आणि एक मुलगी हसत पळत होती. काकूनं चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"रंग नाई का याच्यात, का माह्या डोयालेच दिसून नाई राह्यला?"

"पिक्चरच तसा आहे, काकू. जुना आहे."

"मंग ठीक हाय."

खाली इंग्रजीत अक्षरं येत होती. ती वाचून मी तिच्या कानात आमच्या बोलीत सांगत होते. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोनदा मागं वळून पाहिलं, मी दोनदा माफी मागितली आणि सांगत राहिले. काकूला मजा येत होती. एवढाले कोट घालून या लोकांना थंडी कशी वाजते, हा तिचा मोठा प्रश्न होता. मग रेडिओवर लढाई सुरू झाल्याची बातमी आली, त्या मुलानं फौजेत नाव दिलं. मी पुढचं सांगेना. काकू म्हणाली, "सांग न. का म्हनते तो?"

"जातो म्हणते लढाईवर."

"हं," काकू म्हणाली, आणि मांडीवरचे हात एकात एक घालून बसली.

माझा काका फौजेत होता. लग्नानंतरच्या पहिल्याच सुटीवर तो गावी आला आणि सुटी अर्धी उरली असताना ताबडतोब परत या म्हणून तार आली. एकाहत्तरची लढाई तोंडावर होती. मी तेव्हा सहा वर्षांची. आमच्या घरची भाजीची बंडी, म्हणजे बैलगाडी, रोज सकाळी पुलगावच्या बाजारात जायची, तिच्यातूनच काका स्टेशनवर जाणार होता. बाबा बंडी घेऊन पुढं बाभळीच्या वळणाशी थांबले होते. काका सगळ्यांच्या पाया पडला, आजीनं त्याच्या हातावर दही घातलं आणि ती आत देवाजवळ जाऊन बसली. काकू दाराच्या आत, माझ्या बाजूला उभी. नवी सून, पदर नाकापर्यंत ओढलेला. तिच्या हातात सांबारवड्यांचा डबा होता. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. वाडीतला कोवळा सांबार भरून तळलेल्या त्या वड्यांवर काकाचा फार जीव, म्हणून ती अंधारात उठून करत बसली होती. आणि तो पेटी खांद्यावर टाकून निघालासुद्धा. डबा तिच्या हातातच राहिला.

आमच्याकडे बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. त्याला टोकणं म्हणतात. चुकून कोणी टोकलंच, तर त्या माणसानं घरात परत यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. म्हणजे अपशकुन मोडतो. हे मला सहाव्या वर्षी पाढ्यांसारखं पाठ होतं. पण तो डबा आणि ती दूर जाणारी पाठ, दोन्ही एकदम दिसलं आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "डब्बा राह्यला!"

काका थांबला, वळला, हसला. मी काकूच्या हातातून डबा घेऊन पळत सुटले आणि त्याला देऊन पळतच परत आले. तेवढ्यात आजी आतून ओरडत आली, "वापस ये रे, पानी पिऊन जाय!" तो हात हलवत वळणाआड गेला. गाडीची वेळ झाली होती. आजी दारात वळली.

"कोनं टोकलं वं?"

मी काकूच्या लुगड्यामागं लपले. काकू म्हणाली, "म्या."

महिना व्हायच्या आत दुसरी तार आली. तेराव्याच्या दिवशी आजी एकदाच बोलली, "पानी पिऊन गेला असता त आला असता माहा पोरगा." काकूकडे तिनं पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

त्यानंतर आमच्या घरातून कोणीही कुठंही निघालं की काकू मागच्या दारानं वाडीत जायची. तिला कोणी जा म्हटलं नाही आणि थांब असंही कोणी म्हटलं नाही. बाबांना नागपूरला दवाखान्यात नेलं तेव्हा ती वांग्यात होती. मी दहावीच्या परीक्षेला निघाले तेव्हा पालकात. माझं लग्न होऊन मी निघाले, साऱ्या बाया गळ्यात पडून रडत होत्या, आणि मोटारीच्या काचेतून मला लांबवर सांबाराच्या वाफ्यात बसलेली काकूची पाठ दिसली. मला सगळं ठाऊक होतं. मी गप्प राहिले. आधी आजीच्या धाकानं, आणि आजी गेल्यावर कशानं ते माझं मलाच सांगता येत नाही. बत्तीस वर्षं मी वर्गात मुलांना खरं बोलायला शिकवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पडद्यावर आता त्या मुलाच्या निघण्याचा दिवस आला होता. मुलीला पोचायला उशीर झाला होता. केवढी गर्दी! कोणी गात होतं, कोणी रडत होतं, रांगा चालू लागल्या होत्या आणि ही पोरगी वाट काढत याला शोधत होती. तिच्या हातात त्याच्यासाठी खाऊचा पुडा. तो मान वळवून वळवून तिला शोधत होता. ती त्याचं नाव घेऊन ओरडत होती. मला काकूकडे बघवेना. आता ही म्हणेल, नको मारू वं हाक. मी तिला उठवून बाहेर न्यायच्या विचारात होते.

आणि काकू भर हॉलमध्ये मोठ्यानं बोलली, "मार न वं! जोरानं मार!"

लोक वळले. मागं कोणी पोरं हसली. काकूला त्याचं काही नव्हतं. ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. पुडा गर्दीत पडला, पायाखाली गेला. मुलानं तिला पाहिलंच नाही. रांग पुढं निघून गेली. तेव्हा काकूनं चष्मा काढला आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. पुढं तो मुलगा मरतो. तिथं मात्र ती रडली नाही. शेवटी लढाई संपते, गाड्या भरून माणसं परत येतात, ती पोरगी हातात फुलं घेऊन स्टेशनावर उभी राहते आणि मग ती फुलं एकेक करून परक्यांना वाटून टाकते. तेही काकूनं कोरड्या डोळ्यांनी पाहिलं. निघताना फक्त विचारलं, "तिची हाक त्याले आयकू नाई गेली का?"

"नाही गेली."

"अन् तरी मेला."

"हो."

घरी आल्यावर मी चहा केला. तिनं बशीत ओतला आणि फुंकत बसली. साठीची बाई मी, पण सहा वर्षांच्या पोरीसारखी तिच्यासमोर उभी राहिले.

"काकू, ते हाक म्या मारली होती."

"मले माहीत नाई का? माह्या बाजूलेच त उभी होती तू."

"मंग आजीले तू तुहं नाव काऊन सांगितलं?"

लेकरू होती तू, बुढीनं मारलं असतं, असं काहीतरी ती म्हणेल हे मी धरूनच चालले होते. इतकी वर्षं मनाला मी तेच समजावलं होतं. काकूनं बशी खाली ठेवली.

"जातानी त्यायनं सगळ्याईचा निरोप घेतला. माह्याकडं पायलं नाई. सगळे होते न तिथं, कसे पायतीन? मी बी मान खाली घालून. मले नुसते बूट दिसले त्याईचे. तू वरडली अन् ते मांगं वयले. तुह्याकडं नाई पायलं वं त्यायनं. सीधं माह्याकडं पायलं. अन् मी पदर वर केलता. तेवढंच तोंड हाय माह्यापाशी. ते हाक मलेच माराची होती, गयातून आवाज फुटला नाई माह्या. बुढीनं पुसलं तवा वाटलं, हे त आपली असू दे."

मला रडू आवरेना. म्हटलं, "मंग कोनी निघालं का तू वाडीत काऊन जात होती?"

"भेव नाई वाटत का? लागली असन त त्याईले माही हाक?" ती माझ्याकडे बघत राहिली, एक डोळा नवा आणि एक जुना. "आज पायलं. त्या पोरीची हाक त पोचली बी नाई. पोट्टा मेलाच न?"

"हाकेनं कोनी मरत नाई, काकू."

हे चार शब्द मला सहाव्या वर्षी कळत नव्हते, ते राहू द्या. पण विसाव्या वर्षी कळत होते, तिसाव्या वर्षी कळत होते. काकूनं मान हलवली. माफ केलं वगैरे म्हणाली नाही. उरलेला चहा प्यायली आणि बशी उचलत म्हणाली, "आधी बोलली असती त तुह्या लग्नात मी दारात उभी राह्यली असती."

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही.

चार दिवसांनी ती गावी निघाली. मी सकाळी उठून सांबारवड्या केल्या, तिच्यासारख्या जमल्या नाहीत, तरी डबा भरून तिच्या पिशवीत ठेवला. पिशवी खाली रिक्षात नेऊन ठेवली आणि तिला जिन्यावरून उतरवायला वर आले, तर म्हणाली, माहं मी जातो, तू गॅलरीतून पाय. ती एकेक पायरी उतरत गेली. मी वळले तर डबा चपलांच्या कपाटावर. तिनं पिशवीतून केव्हा काढून ठेवला कोण जाणे.

डबा घेऊन मी गॅलरीत आले. काकू रिक्षापाशी पोचली होती, माझ्याकडे पाठ करून. रिक्षावाला म्हणाला, "आजी, बसा न." ती बसेना. तशीच उभी. शिकलेली, शिकवलेली बाई मी, आणि मला भीती वाटली. खरी भीती. पण ती वाट पाहत होती.

"डब्बा राह्यला!" मी ओरडले.

काकू वळली. काळा चष्मा काढला, पदर मागं सारला आणि दोन्ही डोळ्यांनी वर पाहिलं. उन्हात तिचं तोंड मला स्पष्ट दिसलं. हसत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "तू खाजो."

आणि रिक्षात बसून गेली.

सहा आठवड्यांनी गावाहून फोन आला. सकाळी वाडीत बसल्या बसल्याच गेली म्हणाले, सांबाराच्या जुड्या बांधता बांधता. वय झालं होतं तिचं, हृदय थकलं होतं, डॉक्टर तसंच म्हणाले. हाकेनं कोणी मरत नाही, हे मीच तिला सांगितलं होतं आणि ते खरं आहे. तरी गॅलरीत उभी राहिले की वाटतं, त्या दिवशी तिला वर बोलावून घोटभर पाणी पाजायला पाहिजे होतं.